नव्या टाकीतले मासे का मरतात? वॉरिंग्टन पितापुत्र आणि काचेतल्या पाण्याचा इतिहास

काचेची टाकी सकाळी घरी येते. तळाला रंगीत खडी पसरली जाते, कोपऱ्यात प्लास्टिकचा किल्ला बसतो, नळाचे पाणी भरले जाते आणि संध्याकाळी पिशवीतून आणलेले आठ-दहा मासे त्यात सोडले जातात. पहिले तीन-चार दिवस सारे सुरळीत चालते. आठवड्याच्या सुमारास मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि पंधरवडा उलटण्याच्या आत एकेक करून उलटे तरंगतात. पाणी मात्र पहिल्या दिवसाइतकेच नितळ दिसते.

हे दुखणे आजचे नाही. १८५० च्या दशकात लंडनच्या दिवाणखान्यांत नेमके हेच घडत होते आणि त्याचे खरे कारण हाती येण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. या कोड्याचा पहिला अर्धा भाग ज्या रसायनशास्त्रज्ञाने सोडवला, त्याच्याच मुलाने दुसऱ्या अर्ध्या भागासाठी आपली उमेदीची वर्षे खर्च केली. गंमत अशी की, मुलगा माशांवर काम करत नव्हता. त्याचा विषय होता शेतातली माती.

मासे पाळण्याची हौस काचेहून पुष्कळ जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात सोनेरी मासे तळ्यांत पाळले जात. पुढे मिंग काळात ते चिनी मातीच्या मोठ्या कुंड्यांत आले. ते पाहायचे वरून, म्हणून पाठीचा रंग आणि शेपटीचा पसारा यांवर निवड होत गेली. दख्खनमध्ये कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार आणि त्यांना घालायचे खाद्य यांचा विचार आहे. पण तो गळाने मासे पकडण्याच्या राजविनोदासाठी. महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या ठिकाणी देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत, तेही वाहत्या नदीत. वाहते पाणी स्वतःची काळजी स्वतः घेते. खरा प्रश्न सुरू होतो तो पाणी कोंडल्यावर.

लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याने मे १६६५ मध्ये काचेच्या भांड्यातील मासे पाहिले आणि ते त्यात कायमचे जगतील असे भाबडेपणाने नोंदवून ठेवले. ते कसे जगतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पाणी रोज बदलायचे, एवढाच उपाय होता.

पहिला धागा सापडला तो हवेत. १७७० च्या दशकाच्या आरंभी जोसेफ प्रीस्टली याने दाखवले की, जळत्या मेणबत्तीने ‘बिघडलेली’ कोंडलेली हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा श्वासयोग्य होते. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस याने त्यात महत्त्वाची भर घातली: हे काम वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही उजेडातच.

त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८२९ मध्ये, लंडनच्या पूर्व भागातील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड याने पतंगाचा एक कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचे पुढे काय झाले हा भाग गौण ठरला, कारण त्या मातीत नेच्याचे आणि गवताचे कोंब फुटले. लंडनच्या धुराने वॉर्डच्या बागेतले नेचे मरत होते. बंद बाटलीत मात्र ते वाढले. आतला ओलावा दिवसा काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. यातून ‘वॉर्डची पेटी’ जन्मली आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे हिमालयातील रोपवाटिकांपर्यंत आणली ती अशाच काचपेट्यांतून. काचेच्या आत एक छोटे स्वयंपूर्ण जग बंद करता येते, ही कल्पना तिथे रुजली. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरील अबकारी कर उठला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

पाण्याच्या बाबतीत पहिले पाऊल एका फ्रेंच स्त्रीने टाकले. ज्यान व्हिलप्रो हिचा जन्म १७९४ चा. पॅरिसमध्ये ती कपडे शिवण्याचे काम करी. १८१६ मध्ये राजकन्या कॅरोलिनच्या विवाहाचा पोशाख तिच्या हातचा होता. १८१८ मध्ये जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी विवाह करून ती सिसिलीतील मेसिना येथे आली आणि समुद्राच्या प्रेमात पडली. तेव्हाच्या निसर्गशास्त्रज्ञांत एक वाद होता. आर्गोनॉट हा ऑक्टोपसच्या जातीतला प्राणी नाजूक पांढऱ्या कवचात राहतो. ते कवच तो स्वतः घडवतो, की शंखातल्या खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचे बळकावतो? मेलेल्या नमुन्यांकडे कितीही टक लावून पाहिले तरी याचे उत्तर मिळणार नव्हते. १८३२ पासून ज्यानने जिवंत प्राणी ठेवण्यासाठी काचेच्या टाक्या आणि समुद्रात नांगरून ठेवायचे पिंजरे तयार करवून घेतले, कवचांचे तुकडे मोडून पाहिले आणि प्राणी ते स्वतः दुरुस्त करतात हे सिद्ध केले. १८३८ मध्ये तिचा संग्रह आणि कागदपत्रे घेऊन निघालेले जहाज बुडाले. तरीही तिचे निष्कर्ष टिकले आणि रिचर्ड ओवेनसारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने तिला श्रेय दिले.

मेसिनाला समुद्र दाराशी होता. ताजे पाणी हवे तेव्हा मिळे. लंडनला ते सुख नव्हते. १८४६ मध्ये ॲना थिन ही वेस्टमिन्स्टर ॲबीच्या उपाधिष्ठात्याची पत्नी टॉर्की या किनाऱ्यावरील गावाहून दगडी बरणीत काही जिवंत प्रवाळ घेऊन लंडनला परतली. प्रवासात ते हलू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले होते. समुद्राचे पाणी रोज आणणे अशक्य होते. तेव्हा आहे तेच पाणी उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचे, असा उपाय निघाला. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि ते करी घरातली मोलकरीण. आज टाकीच्या मागे जो हवेचा पंप गुणगुणत असतो, त्याचे पहिले रूप म्हणजे या स्त्रीचे दोन हात. मालकिणीचे नाव इतिहासात राहिले आहे. पुढच्या वर्षी ॲना थिनने त्या पाण्यात समुद्रवनस्पती सोडल्या आणि तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

आता वॉरिंग्टन. थोरला रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या अपोथिकरीज हॉलमधील रसायनशास्त्रज्ञ. १८४१ मध्ये तेथील केमिकल सोसायटीच्या स्थापनेतही त्याचा पुढाकार होता. १८४९ मध्ये त्याने सुमारे बारा गॅलन, म्हणजे साधारण ५४ लिटर मावेल एवढे काचेचे भांडे घेतले आणि ते झऱ्याच्या पाण्याने अर्धे भरले. तळाला वाळू व गाळ, त्यावर दगड, गाळात रोवलेले व्हॅलिस्नेरियाचे रोप आणि दोन छोटे सोनेरी मासे. हिशेब प्रीस्टली-इंगेनहाउसचाच होता: मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, रोप तो घेऊन प्राणवायू देईल.

काही काळ हिशेब जुळला. मग रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर हिरवी बुळबुळीत साय धरली. दुसरा कोणी असता तर त्याने पाणी फेकून दिले असते. वॉरिंग्टनने तळ्यात काय घडते ते आठवले आणि पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि साय फस्त केली, पाणी पुन्हा निवळले आणि त्यांची अंडी व पिल्ले माशांना खाद्य म्हणून मिळाली. मार्च १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि कुजके खाणारा तिसरा जीव, असे हे त्रिकूट होते. ‘संतुलित टाकी’ ही कल्पना इथून सुरू होते.

या वर्णनात एक शब्द सहज नजरेतून सुटतो: गाळ. वॉरिंग्टनने मासे, रोप आणि गोगलगायी मोजल्या. गाळात काय होते ते त्याने मोजले नाही. मोजण्याचे साधनही तेव्हा नव्हते. ॲना थिनच्या समुद्रवनस्पतींबाबतही तेच. दोघांच्याही टाक्यांत एक न मोजलेला पाहुणा शिरला होता आणि अर्धे काम तो करत होता.

पुढची दहा वर्षे वेडाची होती. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘मत्स्यगृह’ उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि अक्वेरियम हा शब्दच लोकांच्या तोंडी बसला. समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण धरून घरच्या घरी खारे पाणी बनवण्याची कृती त्याच सुमारास गॉसने प्रसिद्ध केली. त्या प्रयत्नांत वॉरिंग्टनही होता. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. कुटुंबेच्या कुटुंबे बादल्या, हातोड्या आणि बरण्या घेऊन खडकाळ किनाऱ्यांवर उतरू लागली. लंडनमध्ये विल्यम आल्फोर्ड लॉइडच्या दुकानात टाक्यांपासून जिवंत समुद्रफुलांपर्यंत सारे विकत मिळे.

आणि मासे मरत होते. घरी आणलेले प्राणी टिकत नसत, म्हणून नवे आणले जात. याची किंमत किनाऱ्याने मोजली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात डेव्हनच्या खडकांमधील डबक्यांची ही लूट नोंदवली आहे. ज्या पुस्तकांनी लोकांना तिथे आणले ती आपली होती, याची बोच त्याच्या वडिलांना अखेरपर्यंत होती असे त्यातून दिसते. १८६८ मध्ये निसर्गविषयक लेखक रेव्हरंड वुड याने लिहून टाकले की वेड ओसरले आहे आणि दहांतल्या नऊ टाक्या सोडून दिल्या गेल्या आहेत. लॉइडचा धंदाही त्याआधीच बुडाला होता.

ही लूट एकट्या डेव्हनची नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या ओढ्यांत लाल-काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा राहतो. शास्त्रज्ञांनी त्याला १८६५ मध्ये नाव दिले, बाजारात तो ‘मिस केरळ’ म्हणून विकला जातो आणि त्याच्या कुळाचे आजचे शास्त्रीय नावच ‘सह्याद्रिया’ आहे. परदेशी टाक्यांसाठी तो इतका उपसला गेला की केरळमध्ये त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. टाकीत मासा टिकतो की नाही, या प्रश्नाशी ओढ्यातल्या माशांचे भवितव्य असे बांधलेले असते.

लॉइड मात्र धंदा बुडाल्यावरही शिकत राहिला. १८६४ चे हॅम्बुर्गचे आणि १८७१ चे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. तिथे त्याने टाक्यांच्या खाली अंधारात, टाक्यांच्या कित्येक पट मोठा पाण्याचा हौद ठेवला आणि पाणी अखंड फिरते ठेवले. पाणी बदलायचे नाही, फिरवायचे. ही योजना चालली. का चालली, याचे लॉइडकडचे उत्तर अर्धेच होते, पण हात बरोबर जागी पडला होता. नेपल्सला १८७४ मध्ये, मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सार्वजनिक मत्स्यालये उघडली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभे राहिले आणि राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पहिला समुद्री मासा पाहिला तो तिथल्या काचेपलीकडे.

आता अर्ध्या राहिलेल्या कोड्याकडे. मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे वॉरिंग्टनला ठाऊक होते. पण मासा आणखी एक गोष्ट सतत सोडतो आणि तीही मुख्यतः कल्ल्यांतूनच: अमोनिया. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो रंगहीन असतो, पाण्यात पूर्ण विरघळतो आणि कल्ले जाळतो. म्हणून नितळ पाण्यात मासा मरतो. तळ्यात आणि नदीत मग मासे जगतात कसे? तिथला अमोनिया जातो कुठे?

हा प्रश्न माशांच्या संदर्भात कोणी विचारलाच नाही. तो विचारला गेला तोफांच्या संदर्भात. तोफेच्या दारूत गंधक आणि कोळसा यांच्याबरोबर मुख्य घटक असतो सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो गोठ्यांच्या आसपासच्या, शेणामुताने मुरलेल्या मातीतून काढला जाई; युरोपातील लढायांना लागणारा पुष्कळसा सोरा बिहारमधून, पाटण्याच्या बाजारातून जहाजांवर चढे. शेणामुतातला नत्र मातीत सोरा कसा बनतो, हे मात्र शतकानुशतके कोडे होते. हवा आणि माती यांच्या संयोगाने घडणारी ती निव्वळ रासायनिक क्रिया आहे, असे बहुतेक मानत.

१८७७ मध्ये तेओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युन्त्झ या फ्रेंच संशोधकांनी पॅरिसचे सांडपाणी वाळू व चुनखडीच्या भुकटीने भरलेल्या लांब नळीतून हळूहळू झिरपवले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. आत गेलेला अमोनिया तसाच बाहेर पडला. विसाव्या दिवसानंतर मात्र बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अखेर अमोनिया पूर्ण नाहीसा झाला. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवस वाट पाहायला लावते ती जिवंत गोष्टच. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि काम थांबले. वाफ काढून टाकली तरी ते सुरू होईना. मग मातीचे थोडे धुवण वरून ओतले, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागले. मराठी घरात याला एकच शब्द आहे: विरजण.

ही बातमी इंग्लंडमधील रोथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात वाचणारा माणूस होता धाकटा रॉबर्ट वॉरिंग्टन. १८३८ चा जन्म. रसायनशास्त्राचे पहिले धडे वडिलांच्या प्रयोगशाळेत गिरवलेले. वडिलांनी सोनेरी मासे काचेत सोडले तेव्हा तो अकरा वर्षांच्या आसपासचा होता. मातीतला नत्र पिकांना कसा मिळतो, हा त्याचा विषय. फ्रेंचांचा प्रयोग त्याने पडताळला, तो खरा ठरला आणि मग तो त्यातच रुतला. त्याला दिसले की हे काम अंधारात नीट चालते, उजेडात अडते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे काम दोन टप्प्यांत होते. आधी अमोनियाचा नायट्राइट होतो, मग नायट्राइटचा नायट्रेट. आणि हे दोन टप्पे दोन निरनिराळे जीव पार पाडतात. पण ते जीव शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात त्याला यश आले नाही. तेव्हा जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनसारखे पोषक पदार्थ वापरत, आणि हे जीव त्यावर वाढतच नसत.

कारण ते अन्न खातच नव्हते. झुरिकमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्रादस्की याने १८९० च्या सुमारास ही अडचण उलटी करून सोडवली. त्याने सारे सेंद्रिय अन्न काढून टाकले आणि फक्त क्षार ठेवले. जे उरले आणि वाढले तेच हवे असलेले जिवाणू होते. ते अमोनिया ‘जाळून’ त्याच्या ऊर्जेवर जगतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडवतात, सूर्यप्रकाशाशिवाय. रोथमस्टेडमध्ये इतकी वर्षे घालवलेल्या माणसाच्या हातून अखेरचा घास असा निसटला. थोरला वॉरिंग्टन १८६७ मध्येच वारला होता. आपल्या भांड्यातील गाळाने काय केले होते, हे त्याला कधीच कळले नाही.

मागे वळून पाहिले की सारे जुळते. थोरल्या वॉरिंग्टनच्या गाळात हे विरजण होते. लॉइडच्या अंधाऱ्या हौदाच्या भिंतींवर ते वाढत होते. आणि आठ-दहा मासे पहिल्याच संध्याकाळी नव्या टाकीत सोडणारा माणूस श्लोझिंगच्या नळीतील पहिल्या वीस दिवसांत मासे सोडत असतो. दुकानातल्या बहुतेक टाक्यांबरोबर दिली जाणारी माहिती आजही या वीस दिवसांविषयी बोलत नाही, हे खेदजनक आहे. मासे मेले की पुन्हा विकले जातात, हे त्यामागचे साधे व्यापारी गणित असावे.

मग निरोगी टाकी उभी कशी करायची? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे जवळजवळ वॉरिंग्टनच्या भांड्याएवढेच. नवशिक्यासाठी हे माप योग्य. याहून लहान गोल भांडे दिसायला सुबक असले तरी त्यात चूक सावरायला पाणीच नसते. तळाला धुतलेली खडी, व्हॅलिस्नेरियासारखी चिवट रोपे आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंज-फिल्टर एवढ्यावर भागते. स्पंजाचे काम कचरा गाळणे हे लोकांना वाटते. त्याचे मोठे काम दुसरेच: त्याच्या असंख्य छिद्रांत त्या जिवाणूंना चिकटून राहायला जागा मिळते आणि पंपामुळे प्राणवायू मिळतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. म्हणून पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब घालावेत किंवा पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे.

यानंतर मासे न सोडता टाकी चालू ठेवायची. दिवसाआड चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे. ते कुजून अमोनिया देते आणि जिवाणूंना खाणे मिळते. पाण्याच्या तपासणीचा संच मिळतो, त्यात धाकट्या वॉरिंग्टनचे दोन टप्पे डोळ्यांनी पाहता येतात. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढतो. हाही घातक, कारण तो माशाच्या रक्तात शिरला की रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. मग नायट्राइटही उतरतो आणि नायट्रेट दिसू लागते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरजवळ ठेवावा, काळ निम्म्याने कमी होऊ शकतो. श्लोझिंगने मातीचे धुवण ओतले ते याच न्यायाने.

पहिले मासे थोडेच असावेत, चार-पाच गप्पी पुरेत. हिवताप निर्मूलनासाठी पाण्याच्या टाक्यांत सोडले जाणारे हेच ते गप्पी; चिवट, आणि आपल्याकडच्या बहुतेक पाण्यात रमणारे. जिवाणूंची संख्या खाण्याच्या प्रमाणात वाढते, म्हणून मासेही दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे वाढवावेत. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. उरलेले नायट्रेट काही रोपे घेतात, बाकीचे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलून काढावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. आणि स्पंज नळाखाली तर कधीच धुऊ नये. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो पिळावा. स्वच्छतेच्या भरात नळाखाली धुतलेला स्पंज म्हणजे श्लोझिंगच्या नळीत सोडलेला क्लोरोफॉर्म. भारनियमनाच्या गावांत बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असलेला बरा, कारण हवा थांबली की माशांच्या बरोबरीने जिवाणूही गुदमरतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर विशेष जपावे: गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनिया अधिक विषारी ठरतो.

हौस संपली तर मासे नदीत किंवा तलावात सोडू नयेत. मूळ दक्षिण अमेरिकेतला, टाकीची काच चाटणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. त्याला भाव नाही आणि त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात.

विनोग्रादस्कीने सांगितलेली जिवाणूंची नावे मत्स्यपालनाच्या पुस्तकांत शंभर वर्षे जशीच्या तशी छापली गेली. १९९० च्या दशकात टाक्यांचीच तपासणी झाली तेव्हा कळले की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा हा वेगळाच जिवाणू करतो. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा, जिवाणूंहूनही निराळ्या आर्किया या शाखेतला पहिला जीव वेगळा करण्यात आला. तो आढळला अमेरिकेतील सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयाच्या एका टाकीतील खडीत. आणि धाकट्या वॉरिंग्टनने दोन जीवांचे म्हणून वेगळे केलेले दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जिवाणू २०१५ मध्ये हाती आला. त्या वर्षी हा शोध मांडणाऱ्या दोन गटांपैकी एकाला तो मासे वाढवण्याच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये मिळाला होता.